आक्कांच्या रिकाम्या डब्या

आक्कांनी कुणाला माफ केलेलं मी कधी पाहिलं नाही. एका दूधवाल्यानं दुधात पाणी घातलं म्हणून त्यांनी त्याचा रतीब बंद केला, इथवर ठीक, पण तो आमची गल्ली सोडून दुसरीकडं दूध घालायला लागला, तरी बाजारात दिसला की आक्का थांबत आणि त्याच्या गिऱ्हाइकाला शांतपणे सांगत, "बाई, आधी तापवून बघ, मग पैसं दे." आवाज चढवणं, शिव्या देणं, भांडी आपटणं यातलं काही त्या करत नसत. इतरांना राग येतो आणि जातो. आक्कांचा राग आला की घरातल्या माणसासारखा मुक्कामाला राही आणि वर्षानुवर्षं अंगानं भरत जाई.

लग्न होऊन मी शिरूरहून दौंडला आले ती बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी. नवरा लोकोशेडमध्ये कारकून होता. स्टेशनाजवळच्या चाळीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या आणि समोरच्या दारात आक्का. साठीला टेकलेल्या, काटक, मोकळ्या कपाळाच्या. इंजिनांचा धूर वळला की दोरीवरच्या कपड्यांवर कोळशाची कणी बसे. चाळीतल्या सगळ्या बाया रेल्वेच्या नावानं बोटं मोडत, आक्का मात्र लुगडं झटकताना काही बोलत नसत. त्यांचे मालक मेलगाडीचे ड्रायव्हर होते. ते वारून बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी सासरी. आक्का एकट्या राहत आणि वापरलेल्या वस्तू विकून पोट भरत.

दौंडमध्ये तेव्हा असा धंदा चालण्यासारखा होता. चर्चमागच्या रेल्वेच्या बंगल्यांतून अँग्लो-इंडियन कुटुंबं राहत. त्यातली एकेक ऑस्ट्रेलियाला निघाली होती. जाताना त्यांच्या ओट्यावर अख्खा संसार मांडलेला असे: ग्रामोफोन, काटेचमचे, वस्तरे, शिकारीचे चाकू, खिशातले चाकू. आक्का तिथं जात, पायरीवर बसत, मेमसाहेबांनी दिलेला चहा बशीत ओतून पीत आणि उठताना दोन-चार वस्तू पिशवीत घालून आणत. त्या वस्तू मग दवाखान्यातले डॉक्टर, नगरचे लष्करी साहेब, टीसी, शाळेचे हेडमास्तर असे कुणी ना कुणी घेत.

कुणाकडं काही नवं आलं की आक्का वस्तूकडं बघायच्या आधी विचारत, "डबी कुठं हाय?" माझ्या माहेरहून जावयाला घड्याळ आलं होतं. त्याच्या डबीत मी सेफ्टी पिना ठेवल्या होत्या. आक्कांनी त्या पिना माझ्या ओंजळीत ओतल्या, डबी पदरानं पुसली आणि म्हणाल्या, "ही घड्याळाची हाय. पिनांना दुसरं घर बघ." मला हसू आलं. जुनं झालेलं घड्याळ विकायची वेळ आली तर घेणारा घड्याळ बघेल, खोकं कशाला बघेल, असं मी विचारलं.

"कुणाला इकतीस त्यावर हाय," त्या म्हणाल्या. "ज्याला कांदा चिरायचाय, त्याला नुसता चाकू दे. त्याला डबीचं पैसं लावणं म्हंजी लुटणं. पण ज्याला चार माणसांत काढून दाखवायचाय, त्याला डबी लागती. चाकू सांगतो मी कसा हाय. डबी सांगती मी कुठनं आलो."

आणि त्या तसंच वागत. एक नवा फायरमन वस्तरा घ्यायला आला. मखमलीच्या डबीतला वस्तरा बघून त्याचा जीव अडकला. आक्कांनी त्याला डबीतला दिला नाही. तसलाच, उघडा, थोडा झिजलेला वस्तरा स्वस्तात दिला आणि डबीनं दाढी होत नाही असं सांगून वाटेला लावलं. उलट पुण्याचा एक व्यापारी त्यांच्याकडच्या एका रिकाम्या डबीत आपला दुसराच चाकू घालून बघत होता. चाकू चपखल बसला. व्यापारी मागेल ती किंमत द्यायला तयार झाला. आक्कांनी डबी त्याच्या हातातून काढून घेतली. एकाच्या घरात दुसऱ्याला बसवून खोटं नाव सांगायचं, हे माझ्याकडून होणार नाही, असं म्हणाल्या. तो व्यापारी पुन्हा आला की त्याला दारातूनच परत पाठवत.

त्यांच्या पलंगाखाली एक हिरवी लोखंडी ट्रंक होती. तिला कुलूप. महिन्या-दोन महिन्यांनी त्या ती उघडत, आत कडुलिंबाचा सुका पाला बदलत आणि बंद करत. त्यात काय आहे हे मी विचारलं नव्हतं. एकदा बोलता बोलता माझ्या माहेरचा विषय निघाला. मी शिरूरची, जुन्या भाषेत घोडनदीची, हे त्यांना माहीत होतं. पण माझे वडील रोज संध्याकाळी भाऊसाहेबांच्या बैठकीला बसतात, हे मी सहज बोलून गेले आणि आक्कांचा तांदूळ निवडणारा हात सुपातच थांबला. त्यानंतर कितीतरी दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला कारण कळेना.

भाऊसाहेब म्हणजे शिरूरमधलं बडं प्रस्थ. नदीकाठी बागायत, सोसायटीत शब्द चालणारा, दारात जीप. त्यांना चाकूंचा नाद होता. बैठकीत काचेची कपाटं होती आणि त्यात विलायती चाकू, कट्यारी, वस्तरे मांडलेले. नवा पाहुणा आला की ते एकेक काढून दाखवत. मी लहानपणी वडिलांबरोबर जाऊन ती कपाटं पाहिली होती. त्या बैठकीतून एक गोष्ट आमच्या आळीभर पसरलेली होती: दौंडला एक ड्रायव्हरीण होती, नवऱ्याचं तेरावं व्हायच्या आत तिनं त्याचा लाडका चाकू विकून टाकला. बायका जुन्या लुगड्यांवरून बोहारणीशी घासाघीस करताना एकमेकींना हसत म्हणत, "ड्रायव्हरणीसारखी घाई करू नको." मीही ते ऐकत मोठी झाले होते. ती ड्रायव्हरीण रोज माझ्यासमोर बसून तांदूळ निवडते, हे मला कळलं ते आक्कांनी मला आत बोलावून ट्रंक उघडली तेव्हा.

ट्रंक डब्यांनी भरलेली होती. चामड्याच्या, लाकडाच्या, जाड पुठ्ठ्याच्या. कुणाच्या आत निळी मखमल, कुणाच्या आत साटीन. प्रत्येकीत चाकूच्या आकाराची खोल जागा आणि एकीतही चाकू नाही.

"ह्यातलं चाकू तू बघितल्यात," आक्का म्हणाल्या. "तुमच्या भाऊसाहेबांच्या कपाटात हायती."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मालकांना एका साहेबानं विलायतेला जाताना आपला चाकू दिला होता. चामडी डबी, झाकणात कारखान्याचा छापील कागद. मालकांनी डबीच्या झाकणात चाकूच्या टोकानं आपला रेल्वेचा टोकन नंबर कोरला होता. चाकूनं ते पेरू कापत आणि रॉकेलच्या फडक्यानं पुसून परत डबीत ठेवत. ती बातमी भाऊसाहेबांच्या कानावर गेली. त्यांनी दोन-तीनदा मागितला, मालकांनी दिला नाही. पुढं मालक छातीच्या दुखण्यानं रेल्वेच्या दवाखान्यात पडले. भाऊसाहेब भेटायला गेले. अशीच एक डबी सुताराकडून करून घ्यायची आहे, नमुन्याला नेतो, आठवड्यात आणून देतो, असं म्हणाले. मालकांनी उशाखालची डबी काढून दिली. चाकू उशाखालीच राहिला. आक्कांना यातलं काही माहीत नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या गँगमननं त्यांना हे फार उशिरा सांगितलं.

मालक गेले. भाऊसाहेब दुखवट्याला आले. चाकू बघायला मागितला, हातात घेतला आणि डबी कुठाय म्हणून विचारलं. आक्कांनी सगळं घर उलथंपालथं केलं. डबी सापडेना. तेव्हा भाऊसाहेबांनी मान हलवली. डबीशिवाय हा भाजीचा चाकू आहे, असं म्हणाले. तरी ड्रायव्हरसाहेबांनी मला शब्द दिला होता म्हणून ठेवून घेतो, असंही म्हणाले. आक्का तेव्हा शुद्धीत तरी कुठं होत्या. भाऊसाहेबांनी जे पैसे हातावर ठेवले त्यात तेराव्याचा रवा आणि साखर आली.

वर्षभरानं एका लग्नासाठी त्या शिरूरला गेल्या. वऱ्हाड भाऊसाहेबांच्या बैठकीत उतरलं होतं. कपाटात मधोमध मालकांचा चाकू होता. डबीत. झाकणाच्या आत नंबर. आक्कांनी सगळ्यांदेखत विचारलं की ही डबी तुमच्याकडं कशी. भाऊसाहेब हसले आणि जमलेल्यांना म्हणाले, "डबी मला ड्रायव्हरसाहेबांनी हातानं दिली. आणि चाकू वहिनींनी विकला, तोसुद्धा तेराव्याच्या आत. आता पस्तावल्यात." बैठक हसली. आक्कांच्या मुलीचे सासरे त्या वऱ्हाडात होते. पुढं किती वर्षं मुलीला घरात ते ऐकावं लागलं. भाकरी करपली तरी, आईचीच लेक, जे हाताला लागेल ते विकून टाकील, असं.

"हसणाऱ्यात तुजा बाप हुता का न्हाई, ते मला ठावं न्हाई," आक्का म्हणाल्या. "म्हणून तुज्याशी बोलंना झाले हुते. पण तुजा काय दोष."

त्या रात्री मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. माझा बाप हसला असणार, हे मला माहीत होतं.

त्या लग्नाहून परत आल्यावर आक्कांनी हा धंदा सुरू केला होता. बंगल्यांतून भाऊसाहेबांचा माणूस चाकू विकत घ्यायला यायचा, हे त्यांनी हेरलं. तो नुसतं पातं बघायचा, मूठ बघायचा, छाप वाचायचा. त्याच्या आधी आक्का कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन जात. मेमसाहेबांना लोणचं आवडे. त्या बदल्यात आक्का चाकू मागत नसत, सुईदोरा ठेवायला म्हणून रिकामी डबी मागत. कोण नाही म्हणेल? असे एकामागून एक चाकू उघडेच शिरूरला गेले आणि डब्या आक्कांच्या ट्रंकेत आल्या. कुठली डबी कुठल्या चाकूची, हे त्यांना तोंडपाठ होतं. पाला बदलताना त्या प्रत्येक डबी हातात घेऊन मेमसाहेबांचं नाव घेत. दुसरी बाई देवाचं नाव घेते तसं.

ह्याचा उपयोग काय, असं मी विचारलं होतं. भाऊसाहेब तर चाकू विकत नाहीत, जमवतात. आक्का म्हणाल्या, "जमवणारा कवातरी इकतोच. तवर मला दम हाय."

आणि तसंच झालं. भाऊसाहेबांच्या मुलांच्या वाटण्या निघाल्या. दोघांनाही चाकू नको होते. मुंबईचा एक चाकूंचा शौकीन शेठ येऊन कपाटं बघून गेला. माल अस्सल आहे, म्हणाला, पण हे सगळे वापरलेले चाकू. त्यांच्या मूळ डब्या असतील तर सगळा संग्रह एकत्र घेईन, भाऊसाहेबांच्या नावानं वेगळ्या कपाटात ठेवीन. डब्या नसतील तर मला ह्यात गोडी नाही. भाऊसाहेबांना पैशापेक्षा ते कपाटावरचं नाव गोड लागलं. माणसं दौंडला धावली. उरलेल्या बंगल्यांतून एकच उत्तर आलं: लोणचंवाली घेऊन गेली.

भाऊसाहेबांची जीप आमच्या चाळीसमोर थांबली तेव्हा मी आक्कांकडंच होते. त्यांनी भाऊसाहेबांना बसायला चटई टाकली, चहा ठेवला. भाऊसाहेब थकलेले दिसत होते. ते इकडचं तिकडचं काही बोलले नाहीत. पिशवीतून मालकांचा चाकू काढला, डबीसकट, आणि आक्कांसमोर ठेवला.

"वहिनी, झालं ते झालं. हा तुमचा तुम्ही घ्या. मुंबईचे शेठ परत यायच्या आत त्या डब्या मला द्या."

आक्कांनी डबी उघडली. कोरलेल्या नंबरावरून अंगठा फिरवला. चाकूला हात लावला नाही. चहा उकळून वर आला, उतू गेला, चुलीवर चर्र झालं, तरी त्या बघत होत्या. मला वाटलं, आता घेतील. मीच पुढं होऊन म्हणणार होते, घ्या आक्का.

त्यांनी झाकण लावलं आणि डबी भाऊसाहेबांकडं सरकवली.

"शेठ परत येतील तवा बैठकीत सगळी माणसं बोलवा. आन् ही डबी माज्या मालकांच्या उशाखालनं कशी नेली, ते सांगा."

"माणसं काय म्हणतील, वहिनी?"

"मला म्हणाली तसंच काईतरी म्हणतील."

"आणि सांगितलं तर डब्या द्याल?"

"आधी सांगा. मग बघू."

जीप गेल्यावर मी त्यांच्याशी वाद घातला. चाकू दारात आला होता, मालकांची शेवटची वस्तू, तो ठेवून घ्यायचा होता, असं मी म्हटलं. आक्का उतू गेलेला चहा पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "चाकू घेऊन मी काय करू, पेरू चिरू? माज्या लेकीनं जे ऐकलं, ते ह्या चाकूनं कापलं जाणार हाय का?"

भाऊसाहेबांचा निरोप आला आणि शेठ येणार त्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं शिरूरला गेलो. ट्रंक टपावर होती. माहेरी जाते म्हणून मी घरून निघाले होते. वाटेत दुष्काळात फोडलेल्या खडीचे ढीग रस्त्याच्या कडेला अजून पडून होते. न्हावऱ्याला गाडी थांबली तेव्हा आक्का खाली उतरून ट्रंक जागेवर आहे का ते बघून आल्या.

बैठक भरली होती. शेठ, भाऊसाहेबांची दोन्ही मुलं, गावातली आठ-दहा जुनी माणसं, त्यात माझे वडील. मला आक्कांबरोबर बघून ते चपापले. भाऊसाहेबांच्या पत्नी आतल्या दाराशी उभ्या होत्या. मी त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले. आक्कांनी ट्रंक उघडली आणि शेठना एकेक डबी हातात दिली. शेठ कपाटातला चाकू काढायचे, डबीत ठेवायचे, चाकू आपल्या जागी बसायचा. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. भाऊसाहेब सैलावले. पंचवीस-तीस चाकू आपापल्या घरी गेले असतील. मग शेठनी मालकांचा चाकू उचलला आणि विचारलं, ह्याची डबी तर पहिल्यापासून इथंच आहे, हा कुठून मिळाला?

आक्का भाऊसाहेबांकडं बघत राहिल्या.

भाऊसाहेबांनी एकदा माझ्या वडिलांकडं पाहिलं, एकदा थोरल्या मुलाकडं. मग खाली सतरंजीकडं बघत म्हणाले, "डबी मी दवाखान्यातून नेली होती. नमुन्याला म्हणून. परत केली नाही. माझ्याकडं असताना वहिनींना डबी विचारली, आणि डबी नाही म्हणून चाकू मातीमोल घेतला."

"आन् तेरावं?" आक्का म्हणाल्या.

"वहिनींचा विकायचा विचार नव्हता. मीच काढून घेतला."

माझ्या शेजारी भाऊसाहेबांच्या पत्नींनी पदर तोंडाला लावला. वडील माझ्याकडं बघत नव्हते.

आक्कांनी मान हलवली. मग त्या खाली बसल्या आणि डब्यांतून चाकू काढायला लागल्या. एकेक चाकू सतरंजीवर ठेवायचा, डबी ट्रंकेत टाकायची. घाई नाही, राग नाही, बाजार उठताना माल आवरावा तसं. भाऊसाहेबांना कळायला वेळ लागला.

"वहिनी, तुम्ही म्हणाला होतात..."

"बघू म्हणाले हुते. बघितलं."

धाकटा मुलगा पुढं आला, पण भाऊसाहेबांनीच त्याला हातानं मागं केलं. शेठ उठून उभे राहिले. मालकांचा चाकू डबीसकट त्यांच्या हातात होता. त्यांनी तो आक्कांपुढं धरला. हा तरी तुमचा आहे, घेऊन जा, म्हणाले. आक्कांनी तो घेतला आणि भाऊसाहेबांच्या मांडीशी नेऊन ठेवला.

"हा ह्यांच्याकडंच ऱ्हाऊ द्या. ह्यांना लई आवडला हुता."

शेठनी एकही चाकू घेतला नाही. शिरूरमध्ये मग ती गोष्ट नव्या रूपानं पसरली आणि ह्या वेळी हसणं भाऊसाहेबांच्या वाट्याला आलं. सतरंजीवरचे ते चाकू पुढं मुलांनी आठवडे बाजारात विकले. खाटिकांनी काही घेतले, काही रसवंतीवाल्यांनी. आक्कांच्या मुलीच्या सासऱ्यांपर्यंत बातमी पोचायची व्यवस्था मी स्वतः केली.

डब्या आक्कांनी त्या थंडीत बंबात जाळल्या. मखमल जळताना घाण वास यायचा, चाळीतल्या बाया नाकाला पदर लावायच्या. आक्का त्याच पाण्यानं अंघोळ करून ओल्या केसांनी उन्हात बसायच्या. त्यातल्या दोन-तीन डब्या इतक्या सुंदर होत्या की मी मागितल्या होत्या. त्यांनी दिल्या नाहीत.

मी शिरूरहून परत आले की त्या पहिलं विचारत, भाऊसाहेब कसे आहेत. ते ओट्यावर बसत नाहीत, बैठक मोडली, असं मी सांगे. एकदा सांगितलं की आजारी आहेत, पुण्याला नेलंय. आक्का सुपातले खडे वेचत होत्या.

"बरं हू दे त्यांना," त्या म्हणाल्या. "इतक्यात सुटायचं न्हाई."

पुढं नवऱ्याची सोलापूरला बदली झाली. आक्का स्टेशनवर आल्या, मुलांसाठी शेंगदाण्याचे लाडू घेऊन. गाडीला वेळ होता, म्हणून मनात राहिलेलं मी विचारलं. तो चाकू तिथं ठेवून आलात, त्याचं वाईट वाटतं का?

"रोज वाटतं," त्या म्हणाल्या. "सकाळी उठले की आधी त्येच. पण उद्या परत तो दिवस आला, तरी मी तिथंच ठेवून येईन."

त्यानंतर दोन वर्षांत त्या गेल्या. भाऊसाहेब पुण्याहून बरे होऊन आले होते. आक्कांच्या मागं ते खूप जगले. वडील सांगत, वाटणीत बैठकीची खोली धाकट्याकडं गेली, कपाटं विकली गेली, म्हातारा मागच्या पडवीत असायचा. त्याच्या कॉटजवळच्या कोनाड्यात मालकांचा चाकू असलेली ती एक डबी होती. घेणारं कुणी मिळालं नाही, देऊन टाकायला तोंड नव्हतं, आणि फेकून द्यायचा धीर झाला नाही.

मला हे ऐकून वाईट वाटायला हवं होतं, असं नवरा म्हणतो. मी वाट बघितली. वाटलं नाही.